दोराची वाट, डांबराची घाई

इंग्लंड आणि वेल्समधल्या जुन्या कालव्यांच्या कडेने नावा ओढणाऱ्या घोड्यांसाठी बांधलेली वाट असते. तिकडे तिला टोपाथ म्हणतात. ही वाट रुंद करून तिच्यावर डांबर घालावं का, यावर तिथे बरीच वर्षं वाद चालू आहे. एका बाजूला सायकलवाले आणि त्यांना मोटारींपासून दूरचा मार्ग मिळवून देऊ पाहणाऱ्या स्थानिक संस्था, दुसऱ्या बाजूला चालणारे, नावांवर राहणारे, गळ टाकून बसणारे. वाद बहुतेक वेळा शिष्टाचारापाशी येऊन अडकतो. घंटी वाजवली का, कुत्रा बांधलेला होता का, कोण कुणावर खेकसलं. खरा प्रश्न मात्र वाटेच्या खाली आहे, अगदी शब्दशः खाली. ही वाट कशावर उभी आहे आणि मुळात कशासाठी बांधली, हे नीट पाहिलं तर गावाबाहेरच्या टप्प्यांत ती अरुंद, कच्ची पण टणक आणि चालणाऱ्याच्या वेगाची राहावी, यापलीकडे दुसरा निष्कर्ष आम्हाला तरी दिसत नाही.

सुरुवात घोड्यापासून करू. रस्त्यावरून गाडीला जुंपलेला एक घोडा टन-दोन टन माल ओढायचा, तोही रस्ता बरा असेल तर. तोच घोडा कालव्यावर पंचवीस-तीस टनांची नाव ओढायचा. पाण्याला चढ नसतो आणि संथ वेगात पाणी विरोधही फार थोडा करतं, म्हणून हे जमायचं. पण वेग वाढला की विरोध झपाट्याने वाढतो, आणि लाटा उठून काठ खातात. त्यामुळे सगळी रचनाच ताशी दोन-तीन मैलांवर बेतलेली होती. आजही अरुंद कालव्यांवर नावेला ताशी ४ मैलांची, म्हणजे साडेसहा किलोमीटरांच्या आतली मर्यादा आहे, आणि काठाला नावा बांधलेल्या दिसल्या की त्याहूनही हळू जायचं असतं. माणसाची चाल याच वेगात बसते. या वाटेवर चालताना जी लय लागते ती घोड्याच्या टापांनी ठरवून ठेवलेली आहे.

इथे कुणी जाणकार हरकत घेईल, आणि ती रास्त आहे. सगळेच घोडे संथ चालत नव्हते. 'फ्लाय-बोट' नावाच्या नावा रात्रंदिवस धावत, ठरावीक अंतरावर घोडे बदलत, आणि इतरांना त्यांना वाट द्यावी लागे. १८३० च्या दशकात ग्लासगो-पेझली कालव्यावर हलक्या प्रवासी नावा घोड्यांना दौडवत ताशी आठ-दहा मैलांनी नेल्या जात. म्हणजे या वाटेवर घाई कधीच नव्हती असं म्हणता येणार नाही. पण त्या घाईसाठी दर काही मैलांवर ताजे घोडे लागत, आणि रेल्वे आल्यावर काही वर्षांतच ती संपली. टिकली ती संथ चाल. व्यापारी वाहतुकीचा शेवटचा मोठा धक्का १९६२-६३ च्या हिवाळ्यात बसला. कालवे आठवडेच्या आठवडे गोठून पडले आणि उरलासुरला माल रस्त्यावर गेला तो परतलाच नाही.

आता वाट कशावर उभी आहे ते पाहू. अठराव्या शतकातला अभियंता जेम्स ब्रिंडली आणि त्याच्या पिढीने कालवे समपातळी रेषेने नेले. टेकडी आली की तिला वळसा घालायचा, पातळी सोडायची नाही. ऑक्सफर्ड कालव्याचा सर्वांत वरचा टप्पा ११ मैलांचा आहे, आणि त्याच्या दोन टोकांमधलं सरळ अंतर त्याच्या निम्म्याहूनही कमी भरतं. याच कालव्याच्या उत्तर भागातली वळणं १८३० च्या दशकात कापली, तेव्हा सुमारे १४ मैल वाचले. चालणाऱ्याला या वळणांचा फायदाच होतो. गुडघे दुखणारा माणूसही दिवसाकाठी पंधरा किलोमीटर जाऊ शकतो, कारण चढ येतो तो फक्त लॉकपाशी. आपल्याकडे पुस्तकात ज्याला जलपाश म्हणतात त्या लॉकमध्ये, म्हणजे दारं लावलेल्या हौदात, नावेसकट पाण्याची पातळी एका वेळी दोन-तीन मीटर बदलते, आणि वाटेला तेवढाच छोटा चढ येतो. जिथे उतारच तीव्र तिथे लॉकची रांग लागते. डेव्हायझेस गावाजवळ केनेट अँड एव्हन कालव्यावर एकूण २९ लॉक आहेत, त्यांतले १६ एका सरळ रेषेत टेकडी चढतात. लीड्स-लिव्हरपूल कालव्यावर बिंगलीला पाच लॉक एकमेकांना चिकटून जिन्यासारखे उभे आहेत. ते १७७४ पासून वापरात आहेत.

समपातळी रेषेने टेकडीच्या उतारावरून जाणाऱ्या कालव्याची एक बाजू डोंगराला टेकलेली आणि दुसरी भरावाची असते. बऱ्याच ठिकाणी वाट या भरावाच्या माथ्यावर असते. म्हणजे चालणारा ज्यावर चालतो तो खरं तर पाणी अडवणारा बांध असतो. या बांधाला आतून चिकणमातीचं अस्तर आहे. ओली माती फावड्याने चिरत, पायांनी किंवा गुरांकडून तुडवत थरावर थर देऊन मळायची, की तिच्यातली हवा निघून जाते आणि ती पाणी धरून ठेवते. तळाशी हा थर साधारण तीन फुटांचा असे. ही माती ओली असेपर्यंतच काम करते. कालवा रिकामा करून उन्हात पडू दिला की तिला भेगा जातात. बिजूने बीळ केलं, झाडाचं मूळ आत शिरलं, भरावाखालून ओढा नेणारी विटांची मोरी ढासळली, की पाणी आधी बारीक झिरपतं. खालच्या शेतात कारण नसताना ओल दिसायला लागते. मग एके रात्री बांध जातो. मार्च २०१८ मध्ये श्रॉपशर युनियन कालव्याच्या मिडलविच शाखेवर बांध फुटला, तो लॉकची झडपं उघडी राहिल्यामुळे. प्रमाणाबाहेर आलेलं पाणी काठावरून ओसंडलं आणि भराव धुऊन घेऊन गेलं. १ जानेवारी २०२५ ला मुसळधार पावसात ब्रिजवॉटर कालवा डनम मॅसीच्या परिसरात फुटला. दोन्ही ठिकाणी वाट बांधाबरोबर गेली, कारण वाट आणि बांध एकच होते.

म्हणून काठच्या वाटेला आम्ही रस्ता मानायला तयार नाही. ती एका यंत्राचा भाग आहे, आणि यंत्राच्या खुणा पावलोपावली दिसतात. पुलाच्या कोपऱ्यावरच्या लोखंडी पट्टीत बोटभर खोल खाचा असतात. ओल्या, वाळू चिकटलेल्या दोरांनी वर्षानुवर्षं घासून त्या पाडल्या. वाट कालव्याची बाजू बदलते तिथे मॅकल्सफील्ड कालव्यावर नागमोडी पूल आहेत. घोडा वर चढून, पलीकडे उतरून, पुलाच्याच कमानीखालून वळून पुढे निघतो आणि दोर सोडावाच लागत नाही. स्ट्रॅटफर्ड कालव्यावर याहून स्वस्त तोड काढली. तिथल्या काही पुलांखाली वाटच नाही. पूल दोन लोखंडी अर्ध्यांचा आहे आणि मधे फट ठेवली आहे. घोडा बाजूने जायचा, दोर फटीतून. बोगद्यात बहुधा वाट नसेच. ५ किलोमीटरांहून लांब स्टँडेज बोगद्यात माणसं नावेच्या टपावर उताणी पडून भिंतींना पाय लावत नाव ढकलत, आणि घोडा डोंगरावरून चालत पलीकडे जाऊन थांबे. आजचा पदयात्रीही घोड्याच्याच मार्गाने डोंगर चढतो.

या सगळ्यात वेल्समधल्या पोंटकिसिल्ट्या जलसेतूची, म्हणजे कालवा दरीवरून नेणाऱ्या पुलाची, वाट सर्वांत हुशार आहे. १८०५ मध्ये टेलफर्ड आणि जेसप या अभियंत्यांनी ३०७ मीटर लांबीचं ओतीव लोखंडाचं पन्हळ नदीपासून ३८ मीटर उंचीवर नेलं. त्यात वाट पन्हळीच्या शेजारी नाही, पन्हळीच्या आत, पाण्याच्या वर टेकूंवर बसवली आहे. पन्हळ अरुंद असती तर नाव तिच्यात पिचकारीच्या दट्ट्यासारखी अडली असती. नावेने बाजूला सारलेलं पाणी आता वाटेखालून मागे जातं. कठडा फक्त वाटेच्या बाजूला आहे. पलीकडे पन्हळीची काही इंचांची कड आणि मग थेट दरी. तिथे वाट रुंद करायची तर पाण्याची जागा खावी लागेल, आणि हे कुणी सुचवत नाही कारण ते डोळ्यांना दिसतं. मातीच्या भरावावर तोच हिशेब लपलेला असतो, म्हणून तिथे बिनदिक्कत सुचवलं जातं.

डांबर टाकलं की नेमकं काय होतं? भराव दरवर्षी थोडा फुगतो, थोडा बसतो. डांबराचा थर त्याच्याबरोबर वाकत नाही, त्यामुळे पाण्याच्या कडेला समांतर भेग पडते. त्या भेगेतून पाणी आत जातं, थंडीत गोठून भेग रुंदावतं, आणि चार-पाच हिवाळ्यांत कडेचा पट्टा सुटून कालव्याकडे झुकतो. काठच्या झाडांची मुळं डांबर खालून उचलतात. पावसाचं पाणी आधी गवतात मुरत होतं, ते आता एका दिशेला वाहत जाऊन एकाच जागी भराव कापतं. शिवाय बांधकामाची यंत्रं. तीन-चार टनांचा रोलर किंवा खडीचा डंपर ज्या भरावावरून न्यायचा तो दोनशे वर्षांपूर्वी एका घोड्याच्या वजनासाठी बांधलेला असतो. खाली कुठे मोरी आहे हे नकाशात नसेल तर ती सापडण्याची ही सर्वांत महाग पद्धत आहे.

लॉकपाशी तर वेगळंच नुकसान होतं. लॉकचं दार उघडायला लांब लाकडी दांडा असतो आणि तो ढकलत माणूस पाव वर्तुळाच्या चापात चालतो. त्या चापावर जमिनीत उभ्या विटांच्या उंचवट्यांच्या रांगा असतात, दांड्याला जोर लावताना पाय अडकवायला. नवीन सपाट पृष्ठभाग करणाऱ्या ठेकेदाराला त्या ठेच लागणाऱ्या वाटतात आणि तो त्या गाडतो. मग पावसात नावाड्याचा पाय घसरतो, तोही चार मीटर खोल दगडी हौदाच्या कडेला. हाच दांडा अनेक ठिकाणी वाटेवरून फिरतो. ताशी वीस किलोमीटरने आलेल्या सायकलस्वाराला तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो.

नाव बांधण्याचाही प्रश्न आहे. प्रवासात थांबणारी नाव लोखंडी खुंट्या काठाच्या मऊ पट्ट्यात हातोड्याने ठोकून बांधली जाते, हातभर तरी आत. डांबर थेट कडेपर्यंत आलं की खुंटी ठोकायला जागा राहत नाही. लोक मग कुंपणाला, झाडाला, वाटेवरून आडवा दोर टाकून नाव बांधतात, आणि हा आडवा दोर रात्री येणाऱ्या सायकलस्वाराला पाडतो. पाण्याच्या कडेचा जेमतेम मीटरभर गवताळ पट्टा हा नुसता शोभेचा नाही. तो नावांचा धक्का आहे, लाटेचा मार खाणारी गादी आहे, आणि पाणउंदराचं घर आहे. हा केसाळ, बोथट नाकाचा प्राणी मऊ काठात बीळ करतो. २००८ पासून त्याला तिथे कायद्याचं पूर्ण संरक्षण आहे. काठाला पोलादी पत्र्यांची भिंत ठोकली की त्याचं बीळ संपलं. त्याऐवजी काथ्याच्या जाड गुंडाळ्या काठाशी खुंटवून त्यांत लव्हाळं लावलं तर दोन-तीन हंगामांत मुळं काठ धरतात, पण यासाठी कडेला जागा मोकळी पाहिजे.

मग वाट चिखलातच ठेवायची का? नाही. चिखलाचं कौतुक फक्त उन्हाळ्यात फिरायला येणारे करतात. ऑक्टोबर ते एप्रिल दुर्लक्षित टप्प्यांवर घोट्याइतका चिखल असतो, लोक तो टाळायला कडेकडेने चालतात, आणि त्यामुळे नेमका तोच गवताळ पट्टा तुडवून संपतो. चिखलाचं कारण बहुतेक वेळा पाऊस नसतं, ढाळ नसणं हे असतं. चालून चालून वाटेचा मधला भाग खोलगट होतो आणि तिचीच पाणी न वाहणारी चारी बनते. उपाय सोपा आहे आणि त्याला मोठी यंत्रं लागत नाहीत. वरची कुजकी माती शंभर ते दीडशे मिलिमीटर काढायची. त्यावर जिओटेक्स्टाइल कापड अंथरायचं, नाहीतर खडी दोन पावसाळ्यांत खालच्या मातीत गिळली जाते. मग शंभर मिलिमीटर चाळीस मिलिमीटरखालची खडी, आणि वर पंचवीस ते चाळीस मिलिमीटर दगडाची कच. दबाई हाताने ढकलायच्या कंपन-रोलरने, कच जरा ओलसर असताना. कोरडी दाबली तर पहिल्या वाऱ्यात उडते, चिंब असली तर रोलरला चिकटून निघते. आडवा ढाळ चाळीसास एकपेक्षा जास्त नको, नाहीतर चाकाची खुर्ची पाण्याकडे ओढली जाते. ढाळ कोणत्या बाजूला द्यायचा हे जागेवर ठरवायचं. वाट खोदाईत असेल तर कालव्याकडे चालेल. उंच भरावावर मात्र सगळं पाणी एका जागी गोळा होऊन बाहेरच्या उतारावर पडणार नाही हे आधी पाहायचं. अशा वाटेला दर चार-पाच वर्षांनी वरून कचेचा पातळ थर द्यावा लागतो. हा तिचा दोष म्हणून सांगितला जातो, पण भराव हलला की ती त्याच्याबरोबर हलते आणि दुरुस्ती फावड्याने होते, हा हिशेब त्यात धरलेला नसतो.

कच्च्या वाटेविरुद्धचा सर्वांत वजनदार मुद्दा अपंगांचा आहे. सायकलवाल्यांचा वेगाचा मुद्दा त्याच्यापुढे हलका पडतो. चाकाच्या खुर्चीला चिखल चालत नाही, सुटी खडीही चालत नाही. म्हातारपणी कालव्यासारखी सपाट जागा मिळणं ही मोठी गोष्ट आहे, आणि 'वाट जुनी दिसली पाहिजे' म्हणून ती नाकारणं निर्दयपणाचं होईल. पण खुर्चीला काय लागतं ते नीट मोजलं तर ते डांबर नसतं. तिला टणक, न रुतणारा, आडवा ढाळ कमी असलेला पृष्ठभाग लागतो. चांगली दाबलेली कच तो देते. खुर्ची आणि शेजारी एक माणूस जायला दीड मीटर पुरतो. दोन खुर्च्या एकमेकींना ओलांडायला एक मीटर ऐंशी सेंटिमीटर लागतात, त्यासाठी दृष्टीच्या टप्प्यात ओलांडण्याच्या जागा केल्या की सगळी वाट तीन मीटर करायची गरज उरत नाही. आणि गंमत अशी, की खुर्चीला खरी अडचण पृष्ठभागापेक्षा अडसरांची होते. मोटारसायकली रोखायला वाटेच्या तोंडाशी लोखंडी चौकटी आणि वळणाची फाटकं बसवलेली असतात. मोटारसायकल उचलून पलीकडे जाते, खुर्ची अडकते. पक्क्या वाटेवर पैसा ओतून तोंडाशी ती चौकट तशीच ठेवायची, हे शहाणपण आम्हाला कळलेलं नाही.

सायकलींचं काय करायचं? शहरात त्यांना जागा द्यावी. बर्मिंगहॅम, मँचेस्टर, लंडनमध्ये कालवा भिंतींमधून जातो, काठ आधीच दगडी असतो, बाहेरचे रस्ते जीवघेणे असतात. तिथे डांबर टाकल्याने फारसं काही बिघडत नाही. लंडनच्या रीजंट्स कालव्याच्या वाटेखाली तर १९७९ पासून ४०० किलोव्होल्टच्या वीजवाहिन्या आहेत आणि त्या थंड ठेवायला कालव्याचंच पाणी वापरतात. त्या वाटेचं निरागसपण शोधत बसण्यात अर्थ नाही. पण खेड्यातल्या टप्प्यावर गणित निराळं आहे. कायद्याप्रमाणे विजेची मदत घेणारी सायकल ताशी २५ किलोमीटरपर्यंत जोर देते, म्हणजे नावेच्या चौपट. त्या वेगात सेकंदाला सात मीटर जातात. पुलाच्या कमानीखाली वाट सव्वा-दीड मीटरची, वळणाची, आणि पलीकडचं दिसतं ते शेवटच्या चार-पाच मीटरवर. ब्रेक दाबायचं सुचेपर्यंतच ते अंतर संपलेलं असतं. कमान रुंद करता येत नाही, कारण ती दोनशे वर्षांची विटांची आहे आणि तिच्या बाजूला पाणी आहे. त्यामुळे पुलांच्या मधली वाट जितकी रुंद आणि गुळगुळीत कराल, तितक्या जास्त वेगाने सायकल त्या न बदलणाऱ्या कमानीत शिरेल. पाटी लावून वेग कमी होत नाही. पायाखालची कच आणि कडेचं गवत तो कमी करतात. सायकलींना बंदी घालावी असं यातून निघत नाही. खेड्यात त्यांनी पाहुण्यासारखं यावं, एवढंच निघतं.

अधिकाराच्या दृष्टीनेही क्रम तोच आहे. कालवे १९४८ मध्ये सरकारी झाले. १९६८ च्या वाहतूक कायद्याने ते व्यापारी, सहलीचे आणि उरलेले अशा तीन वर्गांत वाटले गेले, आणि त्या सगळ्या विचारात मध्यभागी नाव होती, वाट नव्हती. अनेक काठच्या वाटा आजही सार्वजनिक हक्काच्या पायवाटा म्हणून नोंदलेल्या नाहीत. मालकाच्या परवानगीने लोक चालतात. २०१२ मध्ये इंग्लंड-वेल्समधलं सुमारे २,००० मैलांचं जाळं सरकारी मंडळाकडून कॅनल अँड रिव्हर ट्रस्ट या धर्मादाय संस्थेकडे गेलं, तेव्हा पायी चालणाऱ्यांना मोफत प्रवेशाची हमी त्या व्यवस्थेत घातली गेली. पायी चालणाऱ्यांना, सायकलस्वारांना नव्हे. सायकली चालतात त्या सवलतीवर, आणि ट्रस्टची स्वतःची आचारसंहिताही चालणाऱ्याला अग्रक्रम देते. स्कॉटलंडची गोष्ट वेगळी आहे. तिथे २००३ च्या जमीन सुधारणा कायद्याने जबाबदारीने फिरण्याचा व्यापक हक्क दिला आहे, सायकलींसह.

अटलांटिकपलीकडचं एक उदाहरण या वादात नेहमी अर्धंच सांगितलं जातं. वॉशिंग्टनपासून कंबरलंडपर्यंतचा चेसपीक अँड ओहायो कालवा १८४.५ मैलांचा. १९२४ च्या पुरानंतर तो बंद पडला, १९३८ मध्ये केंद्र सरकारने विकत घेतला. मग त्याच्या जागी मोटाररस्ता करायची योजना निघाली आणि जानेवारी १९५४ मध्ये एका मोठ्या दैनिकाने अग्रलेखातून तिला पाठिंबा दिला. सर्वोच्च न्यायालयाचे न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी संपादकांना पत्र लिहून आव्हान दिलं, माझ्याबरोबर चालून बघा. मार्चमध्ये सगळे निघाले. शेवटपर्यंत डग्लस धरून नऊच जण पोचले, पण वृत्तपत्राने भूमिका बदलली. १९७१ मध्ये ते राष्ट्रीय ऐतिहासिक उद्यान झालं. गोष्ट इथे संपवली जाते. पुढचं असं, की पोटोमॅक नदीच्या पुरांनी ती वाट पुन्हा पुन्हा फाडली, १९७२ मध्ये, १९८५ मध्ये, १९९६ मध्ये तर एकाच वर्षात दोनदा. तिचा बहुतेक भाग आजही कच्चाच आहे. त्यावरून सायकली जातात, माणसं जातात. पूर ओसरल्यावर माती-कच पुन्हा भरून वाट चालू करता येते.

पैशाचा मुद्दा शेवटी ठेवला, कारण डांबर तिथूनच येतं. सायकलमार्गांसाठी निधी मिळतो. तो मोजायला सोपा, किती किलोमीटर झाले, किती सायकली गेल्या. मोरीसाठी, भरावासाठी, काठाच्या भिंतीसाठी असा निधी कुणी देत नाही, कारण न फुटलेल्या बांधाचं उद्घाटन करता येत नाही. ट्रस्टला सरकारकडून वर्षाला सव्वापाच कोटी पौंडांच्या आसपास अनुदान मिळतं. जुलै २०२३ मध्ये सरकारने जाहीर केलं, की २०२७ पासूनच्या दहा वर्षांत एकूण चाळीस कोटी पौंडांच्या घरात रक्कम मिळेल, आणि ती दरवर्षी पाच टक्क्यांनी घटत जाईल. महागाई वेगळीच. अशा हलाखीत दुसऱ्या कुणी वाटेसाठी पैसे देऊ केले तर ट्रस्ट नाही म्हणू शकत नाही, हे समजण्यासारखं आहे. पण जो पैसा देतो तोच वाटेची रुंदी ठरवतो, आणि त्याला रस्ता हवा असतो.

यावर एक अट घालता येण्यासारखी आहे. गावाबाहेरच्या ज्या टप्प्यावर वाटेचं काम काढायचं, तिथल्या प्रत्येक मोरीत आधी माणूस किंवा कॅमेरा जाऊन यावा, भरावाच्या पायथ्याची ओल तपासावी, आणि त्या दुरुस्तीचा खर्च वाटेच्याच अंदाजपत्रकात धरावा. मग उरलेल्या पैशात दीड मीटर कच बसते की तीन मीटर डांबर, ते बघू. बहुतेक ठिकाणी तीन मीटर बसणार नाहीत.

चालणाऱ्यांनीही थोडं शिकून घ्यायला हवं, कारण वाट वापरात दिसली तरच तिच्या बाजूने बोलता येतं. पुलांना क्रमांक असतात. ते मोजत गेलं तर नकाशा काढावा लागत नाही. ट्रेंट अँड मर्सी कालव्यावरच्या ओतीव लोखंडी मैलखांबांवर एका बाजूला शार्डलोपासूनचं, दुसऱ्या बाजूला प्रेस्टन ब्रुकपासूनचं अंतर असतं, आणि दोन्हींची बेरीज नेहमी ९२ येते. कालवा एका रेषेत जातो, परत यायला वळसा मिळत नाही. म्हणून रेल्वेने पुढच्या स्टेशनपर्यंत जावं आणि उलटं चालत यावं, म्हणजे गाडी चुकण्याची धास्ती राहत नाही. नोव्हेंबर ते मार्च मोठ्या दुरुस्त्यांचा काळ असतो, वाटा बंद असतात, निघण्याआधी पाहून घ्यावं. लॉकवर दांड्याच्या चापात उभं राहू नये. आणि नावाड्याने हाक मारली तर दांड्याला जोर लावावा. पाय कुठे अडकवायचा ते विटांच्या रांगा दाखवतात, अजून गाडल्या नसतील तर.